ज्याची चूक, त्याचे बूट

"काढ बूट."

अमरावतीचं ग्राउंड. आमी एक गोलनं हारलो होतो. माहा बॅकपास आखूड पडला, त्यावरच गोल बसला. मी सोळा वर्षाचा, टीमचा मिडफिल्डर. समोर क्लबचा अध्यक्ष. सारे त्याले भाऊसाहेब म्हणत.

क्लबात रीतच होती. बूट क्लबचे. हारलो का ज्याच्या चुकीनं गोल बसला त्यानं ग्राउंडवरच बूट काढून द्यायचे, अनवाणी घरी जायचं. ज्याइचे घरचे बूट होते त्याइले कोणी काई म्हणत नव्हतं. चुका त्याइच्याबी होत होत्या ना!

मी खाली बसलो. लेस घामानं ओली, गाठ सुटूनच नाई राहिली. भाऊसाहेबानं लाथ हाणली. तोंडावर. पुढचा दात ओठातून आरपार. रक्त बुटावर सांडलं.

"पुसून दे," म्हणे. "बाप रुळावरचा गू उचलते अन् हे चाललं फुटबॉल खेयाले!"

सारे हसले. आमचा कोचबी हसला.

मे महिना. बडनेऱ्याच्या घरापर्यंत डांबरावर अनवाणी चाललो. तळपायाची कातडी सोलून निघाली. मायनं हळद भरली. "काहून जातं रे तिथं?" म्हणे. फोड बसले का पुन्हा तिथंच गेलो.

आता खरं सांगतो. हे आजवर कोणाले सांगितलं नाई.

चोविसाव्या वर्षी गुडघा गेला. त्याच क्लबनं मले कोच केलं. मी काय खुश झालतो! अन् म्या काय केलं? तेच. तीन सीझन. हारलो का, "काढ बूट." याले शिस्त म्हणत होतो मी. दोघाइच्या कानशिलातबी हाणल्या.

मागच्या महिन्यात अकोल्याले सेमीफायनल होती. आमच्या डिफेंडरच्या हाताले बॉल लागला. पेनल्टी. हारलो. पोट्टा नांदगाव पेठचा, बाप तिथंच मिलमधी कामाले. शिटी वाजली. भाऊसाहेब खुर्चीतून उठून येऊन राहिला होता. अन् कोणी काई बोलायच्या आधीच पोट्टं खाली बसलं, लेस सोडाले लागलं. भाऊसाहेबाकडं पाहत नव्हतं ते. माह्याकडं पाहत होतं. मले भेत होतं!

मी दोघाइच्या मधात जाऊन उभा राहिलो.

"उठ," म्या म्हटलं.

"सर, बूट..."

"पायातच राहू दे."

"काहून बे? लय मोठा झाला का तू?" भाऊसाहेब बोंबलला अन् पोट्ट्यावर पाय उचलला.

म्या तो पाय हवेतच धरला. वढला. धाडकन उताणा पडला. पांढरा पायजमा मातीत. त्याची माणसं माह्यावर तुटून पडली. बरगडी मोडली माही. पण पाय सोडला नाई म्या.

"संपली तुयी कोचगिरी!" तो खालूनच वरडला.

"तुमच्याइथली संपली."

पण एक पाय धरला म्हणून मी सुटलो नाई. म्या सहा पोट्ट्याइचे बूट काढले. चौघाइच्या घरी जाऊन हात जोडले. एकानं तोंडावर दार आपटलं. बरोबर केलं त्यानं. उरलेल्या दोघाइच्याबी दारात जाईन. मारलं तरी उभा राहीन.

आता बडनेऱ्याच्या पडीक मैदानावर शिकवतो. पहिल्या दिवशी बॉल काढलाच नाई. म्हटलं, तुमच्यावर कोणी पाय उचलला, बाहेरचा असो का मी असो, तो पाय धरा. पाडा. सोडू नका.

पासिंग मंग शिकवीन.