पेडलवर एक पाय

गाडीचं काम मी बाहेर देत नाही. खोड आहे, आता या वयात जाणार नाही. नोकरीची सगळी वर्षं फाउंड्रीत तपासणीच्या टेबलापाशी गेली. बिडाच्या ओतकामात भेग कुठे पडते, भोक कुठे लपून बसतं, हे हुडकायचाच पगार खाल्ला. त्यामुळे दुसऱ्याने केलेल्या कामात मला आधी चूक दिसते, मग काम. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "बाबा, गॅरेजला टाका ना गाडी." मी "टाकतो" म्हणतो आणि विषय बदलतो. विषय फारसे नसतात, म्हणून फोनही लवकर संपतो.

गाडी छोटीच आहे. दोघांना पुरे म्हणून घेतली होती. बायको गेल्यापासून ती बहुतेक पार्किंगमध्ये उभी असते, कारण मला जायचं कुठेच नसतं. भाजी कोपऱ्यावर मिळते, दूध दारात येतं. आणि उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते, हे लोकांना सांगूनही पटत नाही. चाकाच्या आत बिडाची तबकडी असते, तिला डिस्क म्हणतात. दोन बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. पावसाळी हवेत डिस्कवर गंज चढतो. गाडी रोज रस्त्यावर असली तर ब्रेक लागता लागता तो घासून जातो. उभ्या गाडीचा गंज कोण काढणार? तो आत उतरतो आणि तबकडीला खड्डे पाडतो.

यंदा एका लग्नासाठी कागलला गेलो होतो. हायवे सोडून खाली उतरताना ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. लग्नात कुणी फार बोललं नाही, जेवून परत आलो. दुसऱ्या दिवशी चाक काढून डिस्कच्या कडेवरून बोट फिरवलं. कडेला उंबरठ्यासारखी धार उभी राहिली होती, मधला भाग झिजून खाली गेला होता. लेथवर फेस मारून सपाट करता आली असती, पण मग तिची जाडी ठरलेल्या मापापेक्षा कमी झाली असती. पातळ डिस्क घाटात दगा देते. बदलायचीच होती.

उद्यमनगरातल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर नवीन माणूस होता. डिस्कची जोडी आणि पॅड माझ्यापुढे ठेवत त्याने विचारलं, "पावणं, फिटिंग कुठं करणार?"

"घरी. मीच."

"एकटंच?"

"मग काय वरात काढू?" मी म्हणालो. तो हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न बरोबर होता.

खोलाखोलीचं काम एकट्याने होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जॅक लावला, चाक उतरवलं, पॅड धरणारा कॅलिपर सोडवून तारेने वर टांगला, म्हणजे त्याच्या नळीवर भार येत नाही. जुनी डिस्क मात्र गंजाने मागच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुंब्याला, अशी चिकटली होती, की घणाला दाद देईना. मी तिला दोन शिव्या घातल्या, चार घाव घातले, तेव्हा सुटली. हब तारेच्या ब्रशने घासून घेतला, नवीन डिस्कवरचं गंजरोधक तेल पुसून काढलं आणि चढवली. नवी तबकडी हबवर चमकताना फार देखणी दिसते. हे दाखवायला जवळ कुणी नव्हतं, म्हणून तिच्याकडे मीच दोन मिनिटं बघत बसलो.

घोळ झाला तो रबरी नळ्यांमुळे. दोन्ही बाजूंच्या ब्रेकच्या नळ्यांना बारीक चिरा गेलेल्या दिसल्या. दिसल्यावर तशाच ठेवणं माझ्या स्वभावात नाही. त्याही बदलल्या. पण नळी सोडली की ऑइल सांडतं, आणि ऑइल गेलं तिथे हवा शिरते. हवा शिरलेला ब्रेक म्हणजे ओल्या गादीवर पाय दिल्यासारखा. दाबाल तेवढा आत जातो, गाडी थांबत नाही. ती हवा काढावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून बारीकसा बोल्ट सैल करायचा, बुडबुडे बाहेर काढायचे, बोल्ट आवळायचा आणि मग आतल्याला म्हणायचं, सोड. बोल्ट उघडा असताना आतल्याने पाय उचलला, की हवा परत आत. सगळं पहिल्यापासून.

हे काम बायको करायची. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं आणि गप्प बसणं तिला जमत नव्हतं. पेडल दाबून धरलेलं असायचं आणि ती आतून विचारायची, "रात्री पिठलं करू की आमटी?" मी खालून ओरडायचो, "आधी पाय धर!" ती म्हणायची, "पायानं धरलंय, तोंड मोकळं आहे." मला तिची आठवण देवघरात येत नाही, फोटोपुढे येत नाही. अशी कुठेतरी अडलो की येते, आणि मग जात नाही.

तर आता एक माणूस हवा होता. थोड्या वेळापुरता, नुसता एक पाय. मी पायरीवर बसून विचार करायला लागलो, कुणाला बोलवावं? फाउंड्रीतला जुना दोस्त गुडघ्याचं ऑपरेशन करून गारगोटीला मुलीकडे पडलेला. वॉचमन गावाकडे गेलेला. तळमजल्यावरच्या गृहस्थांशी पार्किंगवरून माझं वाजलं होतं. माझ्या गाडीचं ऑइल त्यांच्या जागेत गळतं असं ते म्हणाले होते आणि मी त्यांना बरंच काही म्हणालो होतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण हरीलाही जरा मान असतोच की. फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत बघितली. एवढी नावं, आणि त्यातल्या एकालाही 'ये रे जरा' म्हणता येईना. इतकी वर्षं मी या गोष्टीला स्वाभिमान म्हणत आलो होतो. त्या पायरीवर बसून पहिल्यांदाच मला भीती वाटली.

मग मी शहाणपणा केला. घरातली काठी आणली, सीट पुढे सरकवून काठीचं एक टोक पेडलवर आणि दुसरं सीटला टेकवलं. चाकापाशी जाऊन बसतोय न बसतोय तोच काठी सटकली, उसळली आणि हॉर्नवर अडकून बसली. सगळी बिल्डिंग दणाणली. मी धावत जाऊन काठी ओढली, तोवर वरच्या गॅलरीतून आवाज आला, "काय झालं वो भाऊ?"

वर अक्का राहतात. मुरगूडकडच्या जैन शेतकरी घरातल्या, मालक वारले तेव्हापासून एकट्या. मुलगा बंगळुरात धंदा बघतो. सगळी बिल्डिंग त्यांना अक्का म्हणते. माझा त्यांचा बोलण्याचा संबंध पाणी आलं की नाही, एवढाच.

मी म्हणालो, "काही नाही. ब्रेकची हवा काढतोय."

"हॉर्न वाजवून?"

आता खोटं काय बोलायचं? सांगितलं, पेडलवर पाय ठेवायला माणूस नाही. त्या कठड्यावरून खाली वाकल्या. "म्या यीऊ काय? पर लवकर आटपा. भाकरी झालीया. दिस मावळायच्या आत मला बसाय पायजे."

अक्का सूर्यास्तानंतर काही खात नाहीत, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. ऊन अजून समोरच्या टाकीवर होतं. "लगेच होतं," मी म्हणालो.

त्या खाली आल्या, चपला बाहेर काढून गाडीत बसल्या, देवळात बसावं तशा. मी सगळं समजावलं. दाबा म्हटलं की दाबायचं, सोडा म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. "व्हय, कळलं. शाळेतल्या पोराला सांगितल्यागत नगा सांगू," त्या म्हणाल्या.

काम सुरू झालं. पारदर्शक नळीतून आधी काळपट ऑइल आलं, मग बुडबुड्यांची रांग. अक्का पाय पक्का धरून ठेवायच्या, एकदाही चुकल्या नाहीत. आणि बोलायला लागल्या. माहेरची म्हैस, जी फक्त त्यांच्याच हाताला पान्हा सोडायची. मालकांना भुईमुगाच्या शेंगा भाजूनच लागायच्या, उकडलेल्या चालायच्या नाहीत. मुलगा बंगळूरला चला म्हणतो, "तितं जाऊन काय करू? भिताडं बघत बसू? भिताडं हितं बी हायतच की." मी खाली बसून हं हं करत होतो. माझ्या गाडीतून कुणाचा तरी आवाज येत होता. किती दिवसांनी येत होता ते मला त्या वेळी मोजायचं नव्हतं.

दुसऱ्या चाकापाशी आलो. तिथलेही बुडबुडे थोड्याच वेळात थांबले. नळीतून स्वच्छ, मधासारखं ऑइल यायला लागलं. काम झालं होतं. मला ते दिसत होतं, तपासणीत उगीच नाही वर्षं घालवली.

अक्कांनी आतून विचारलं, "झालं काय?"

"अजून आहे हवा," मी म्हणालो. "दाबा."

त्यांनी दाबलं. मग म्हशीचं पुढे काय झालं ते सांगितलं. मी पुन्हा म्हणालो, दाबा. ऑइलची नवी बाटली फोडली आणि चांगलं ऑइल चांगल्या ऑइलवर ओतत राहिलो. म्हैस विकली, तेव्हा अक्का रडल्या होत्या. मालकांनी चिडवलं, मग त्या संध्याकाळी तेही जेवले नव्हते. मला वाटत होतं हे संपू नये. पहिल्या चाकाकडे परत गेलो, म्हणालो, इथं थोडी राहिली असावी. त्या म्हणाल्या, बरं.

बाटली संपली तेव्हा मी मान वर केली. टाकीवरचं ऊन गेलं होतं. रस्त्यावरचे दिवे लागले होते. तळमजल्यावरच्या खिडकीत टीव्ही चालू झाला होता.

"अक्का, दिवस मावळला! तुमचं जेवण!"

"व्हय, मगाशीच मावळला." त्या उतरल्या, चपला घातल्या.

"आता?"

"आता उद्या सकाळी."

"चहा तरी घ्या. आत्ता टाकतो."

"न्हाय."

"पाणी? घोटभर पाणी?"

"दिस मावळल्यावर पाणी बी न्हाय वो."

मी हातात घाण चिंधी घेऊन उभा होतो. या बाईची संध्याकाळ मी घेतली होती, आणि बदल्यात पेलाभर पाणीसुद्धा देता येत नव्हतं.

अक्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या. "भाऊ, एक इचारू? त्ये पेडल मगापासनं दगडागत लागत हुतं. तुमी बोल्ट सोडल्याबिगर पाय आतच जाईना. तवाच हवा गेलती न्हवं?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मला वाटलंच."

"मग उठला का नाही, अक्का? भाकरी थंड झाली. उपाशी राहिला तुम्ही."

"रोज येळंवर जेवतेच की," त्या म्हणाल्या. "रोज एकटीच जेवते."

आणि कठड्याला धरून, एकेक पायरी चढत वर गेल्या. मी खाली उभा राहून त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होतो. तिथला दिवा त्यांनी लावला नाही.