दोन टिचक्या

वाचनालयात पुस्तकं कमी आणि किस्से जास्त जमतात. नेलेलं पुस्तक परत येत नाही, किस्सा मात्र जो तो न मागता आणून टाकतो! मी तिथं शिपाई होतो. शिक्षण चौथी नापास, त्यामुळे मला सगळी पुस्तकं सारखीच जड.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. पुस्तकं कपाटात कुलपाआड, त्यांची कार्डं टेबलाच्या खणात, आणि बोलायला बंदी. म्हणून जुने ग्रंथपाल नानाजी यांनी टिचक्यांची रीत पाडली. हवं ते कार्ड काढून त्यावर एक टिचकी मारली की नानाजी कानात माहिती सांगणार. दोन मारल्या की थेट पुस्तक हातात!

*

धनजचा गणपतराव बाजाराच्या दिवशी सावलीला येऊन बसायचा. एकदा चुन्याची डबी उघडेना, म्हणून त्यानं ती टेबलावर दोनदा आपटली. मी खणातलं वरचं कार्ड पाहिलं आणि पुस्तक आणून दिलं. गरोदर बाईनं काय खावं, याचं!

"हे काहून आणलं बे?"

"तुमीच तं दोनदा वाजवलं!"

पुढच्या बाजारी स्वारी पुन्हा हजर. "काबे, याच्या पुढचं हाय का? बाळंतपणाचं? घरी समदे आयकून राह्यले!"

*

मी टेबलाखाली दडून पेन्सिलीनं दोन टिचक्या द्यायचो. नानाजी लगबगीनं उठायचे, "कोणतं पुस्तक बापू?" पेपर वाचणारा दचकायचा, "मी कुठी काय मांगतलं?"

एके दिवशी नानाजींनी मला टेबलाखालीच गाठलं. "तुले दोन टिचक्यात काय भेटते ते पाह्य," म्हणाले, आणि माझ्या टाळक्यात दोन हाणल्या!

*

नानाजींनंतर देवळे सर आले. पुस्तकं मळतात, हे त्यांचं दुखणं. त्यांनी स्वतः पाटी रंगवली: 'दोन टिचक्या: सविस्तर माहिती. पुस्तकासाठी अर्ज.' अर्ज मंजूर व्हायचा कमिटीच्या मीटिंगमध्ये. मीटिंग व्हायची कमिटीला सवड झाली की!

इंझोरीचा एकजण कपाशीवरच्या अळीचं पुस्तक मागायला आला. दोन टिचक्या मारल्या. सरांनी लेखक, पानं, किंमत, सगळं सांगितलं.

"सर, मले पुस्तक पायजे. तुमी तं त्याची कुंडली सांगून राह्यले!"

"अर्ज करा."

"आन तवरोक अळीले काय सांगू? थांब म्हणू?"

*

आता सुमनचं ऐका. आमच्या बौद्ध वस्तीतली पोरगी. दिवसा शेतात निंदायला जायची आणि बाहेरून मॅट्रिकला बसलेली. वस्तीतल्या आणखी पोरीही बसल्या होत्या. इतिहासाचं पुस्तक एकीकडेही नाही. सांजच्याला विहारात एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असं ठरलेलं. परीक्षा तोंडावर आली होती. अर्जाची वाट पाहिली असती तर सगळ्याच बसल्या असत्या घरी.

सुमन रोजी बुडवून आली. कार्डावर दोन टिचक्या! सरांनी लेखक, पानं, किंमत सांगितली.

"आत काय हाय, सर?"

"फ्रान्सची राज्यक्रांती."

"थे सांगा ना. सविस्तर लिवलं हाय पाटीवर."

पाटी सरांचीच. करतात काय? पुस्तक काढलं आणि वाचू लागले. थांबले की सुमनच्या दोन टिचक्या, सर पुन्हा सुरू! पेपरवाल्यांनी पेपर खाली ठेवले. मी पाण्याचा तांब्या घेऊन सरांजवळ उभा. तिकडं भाकरीसाठी बाया राजवाड्यावर चालून गेल्या, इकडं सुमन जागची हलेना.

बंद करायची वेळ झाली. राजा नोकराचा वेष घेऊन, बायकापोरं बग्गीत घालून पळत होता. सरहद्द जवळ आली होती.

सुमननं हात पुढं केला. "द्या सर. पोरी वाट पाहून राह्यल्या."

"अर्ज..."

"परीक्षा झाल्यावर देईन."

सरांचा घसा पार बसला होता. त्यांनी पुस्तक पुढं केलं. सुमननं धरलं, ओढलं. सर सोडेनात!

"सोडा ना, सर!"

"थांब पोरी, एवढं पान होऊ दे! सापडतो का सुटतो तो?"

"विहारात या. तिथंच वाचू."

तिनं हिसडा देऊन पुस्तक काढलं आणि निघाली.

घरी भाकरी टाकून ती विहारात पोचली, तर सर आधीच येऊन पुढच्या सतरंजीवर मांडी घालून बसलेले. वर तिलाच म्हणतात, "किती उशीर, पोरी!"