मोरिवलीच्या संगणकासाठी स्थळ

लिलाव मी रविवारी दुपारी जिंकला. बोली लावणारा मी एकटाच होतो.

वस्तू म्हणजे एक जपानी बनावटीचा घरगुती संगणक, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा. सगळे यंत्र कीबोर्डच्याच पेटीत, पडद्याच्या जागी घरचा टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला गाण्यांची असते तशी साधी कॅसेट. हा नमुना आखाती देशांत विकलेला असल्यामुळे कळांवर इंग्रजीसोबत अरबी अक्षरेही होती. असे संगणक मी तीन वर्षे जमवत होतो. बदलापूरच्या घरात चार जमले होते आणि चारही परदेशातून टपालाने आले होते. ज्याच्यासाठी मी लिलावाची वेबसाइट रोज उघडून बघत होतो, तो नेमका हा अरबी कळांचा. तो निघाला पुढच्याच स्टेशनवर, अंबरनाथला, मोरिवलीत.

विक्रेत्याला फोन केला. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांचा मेहुणा कुवेतला होता, त्याने तो आणला होता. वेबसाइटवर जाहिरात त्यांच्या मुलीने टाकली होती.

"तुम्ही लिलाव जिंकलात," ते म्हणाले. "मशीन नाही. आधी मी येऊन घर बघणार."

"कशासाठी, काका?"

"कुठे ठेवणार, कसं ठेवणार, ते बघायला. तीस वर्षं माल पास नाहीतर रिजेक्ट केलाय मी. न बघता काही दिलेलं नाही. पुढच्या रविवारी येतो."

मी ही बातमी घरात दिली. बायको शाळेच्या कार्यालयात होती आणि प्रवेशअर्ज तपासण्याची तिला सवय होती.

"म्हणजे आपण स्थळ आहोत," ती म्हणाली. "पोहे करायचे का?"

"विनोद नको."

"विनोद नाही. शेंगदाणे संपलेत, आणावे लागतील."

माझी चिंता वेगळी होती. फळीवरच्या चार संगणकांपैकी सर्वांत मौल्यवान जो होता, तो तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखा पिवळा पडला होता. माल तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस तो बघून काय म्हणेल, हे उघड होते. त्या सुमारास परदेशातल्या संग्राहकांनी इंटरनेटवर एक उपाय लिहिला होता: प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवून उन्हात ठेवायचे, पिवळेपणा जातो. औषधाच्या दुकानात मिळणारी जखम धुण्याची बाटली फार तर चार कळांना पुरली असती.

"जुनं आहे तर जुनं दिसू दे ना," बायको म्हणाली. "तुम्ही केस काळे करता तेवढं पुरे."

मी ऐकले नाही. उल्हासनगरला जीन्स धुण्याचे कारखाने आहेत आणि तिथे हे रसायन पिंपाने असते. मी वर्तमानपत्रात वार्ताहर, त्यामुळे अशा एका कारखान्याच्या सिंधी मालकाशी पाणीटंचाईच्या बातमीतून माझी ओळख होती. संगणकातले सर्किट घरी काढून ठेवून मी फक्त वरचे झाकण आणि कळा पिशवीत घातल्या आणि मंगळवारी त्याच्याकडे गेलो.

त्याने झाकण उलटसुलट करून पाहिले.

"साईं, माझ्याकडे नवी पँट येते, मी जुनी करून देतो. तुम्ही जुना माल आणला, नवा करून मागता. तुमचा धंदा तरी काय आहे?"

"छंद आहे."

"हां. म्हणजे धंदा नाय."

तरी त्याने काम घेतले. गच्चीवर प्लास्टिकच्या घमेल्यात झाकण भिजत पडले. शुक्रवारी त्याचा फोन आला: "एकदम दूध झालंय. घेऊन जा." मला त्या दिवशी ड्यूटी होती. शनिवारी येतो, तोवर तिथेच कुठेतरी राहू द्या, असे मी सांगितले. पुढे जे झाले त्यात चूक म्हणायची तर ती एवढीच, आणि ती माझी.

मालकाने झाकण वाळवून आत नेले आणि रिकामे दिसले त्या टेबलावर ठेवले. ते टेबल घासकामाचे होते. नवी पँट तिथे येते, कारागीर पॉलिश पेपर घेऊन मांड्यांवर दोन लांबट गोल घासतो, खिशांच्या कडा झिजवतो आणि पँट चार वर्षे वापरल्यासारखी होते. शनिवारी सकाळी कारागीर कामावर आला. मी पोहोचलो तेव्हा झाकणावर, कळांच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना, दोन लांबट गोल होते. कडाही झिजवलेल्या होत्या.

"ये क्यों घिसा?" मी विचारले.

"टेबल पे आया तो माल है," कारागीर म्हणाला. "पीस नया दिख रहा था. नया दिखता है तो घिसना पड़ता है."

मालकाने झाकणावरून बोट फिरवले. "फिनिशिंग तर बघा. एक्स्पोर्टचं काम आहे."

रविवारी काका आले. "जय भीम" झाले. हातात सुतळीने बांधलेली कापडी पिशवी होती. ती त्यांनी चपलांशेजारी ठेवली आणि उघडली नाही. त्यांनी खिडकी कोणत्या दिशेला आहे ते पाहिले, भिंतीला ओल आहे का ते पंजा टेकवून पाहिले, पंखा बंद करून त्याच्या पात्यावरून बोट फिरवले आणि ते बोट बायकोला दाखवले. मग फळीकडे वळले. घासलेले झाकण परत बसवून त्या संगणकावर मी टेबलक्लॉथ टाकला होता. त्यांनी पहिला उचलला तो तोच.

"हे काय?"

"घासले गेले आहे," मी म्हणालो. बातमीत जबाबदारी निश्चित होत नाही तेव्हा आम्ही असेच लिहितो.

"कोणाकडून?"

"उल्हासनगरला."

"काका," बायको म्हणाली, "तुम्ही येणार म्हणून यांनी ते पांढरं करायला जीन्सच्या कारखान्यात दिलं होतं. तिथल्या माणसाने पँट समजून घासलं."

काकांनी चष्मा लावला. दोन्ही गोल नखाने चाचपले, वितीने मोजले.

"दोन्ही बाजू सारख्या आहेत," ते म्हणाले. "कारागीर पास."

"आणि आम्ही?"

"तुम्ही रिजेक्ट."

मग ते बसले आणि पोहे खाऊ लागले. पिशवी चपलांशेजारीच होती. अर्धी बशी संपल्यावर त्यांनी बायकोला विचारले, "हे कारखान्यात चाललं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"जुनं दिसू दे म्हटलं. ऐकतंय कोण?"

काकांनी बशी खाली ठेवली, पिशवी आणली आणि सुतळी सोडली. त्यांचा संगणक माझा आधी होता त्याहूनही पिवळा होता. कळांच्या उजवीकडे तळहाताएवढा तपकिरी डाग होता.

"हा माझा हात," ते म्हणाले. "खात्याचं पाळीपत्रक मी याच्यावर करायचो. नऊ वर्षं. साहेबांना वाटायचं माझं डोकं चालतं." त्यांनी त्या डागावर हात ठेवला. तो बरोबर बसला. "मुलगी म्हणते अडगळ झाली. तिचंही खरं आहे, घर लहान आहे. पण हा डाग कोणी काढायचा नाही."

"नाही काढणार," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही सांगत मी." त्यांनी संगणक उचलून बायकोच्या हातात दिला. "ताई, हा तुमच्या ताब्यात. यांना हात लावायचा असेल तर तुम्हाला विचारतील."

"चालेल," ती म्हणाली. तिने तो फळीवर ठेवला नाही. शाळेची कागदपत्रे ज्या कपाटात कुलपात असत, त्यात ठेवला.

जाताना काका दारात थांबले. "मुलगी वेबसाइटवर तुमच्याबद्दल शेरा लिहील. खरं तेच लिहायला सांगतो."

"काय सांगाल?"

"घर कोरडं आहे. बाई समजूतदार आहेत."

संध्याकाळी मी टीव्ही मोकळा केला, वायरी काढून ठेवल्या आणि बायकोला विचारले, सुरू करून बघू का.

किल्ली तिच्याकडे होती. तिने माझ्या बोटांकडे पाहिले.

"आधी हात धुऊन या," ती म्हणाली. "साबणाने."