किक नसलेली गाडी

रविवारी सकाळी आमच्या पल्लवीने कल्याणच्या शोरूममधून नवीन मोटारसायकल आणली. कोपरला आमच्या बिल्डिंगखाली लावली आणि फोन केला, आई, ओवाळायचं ताट घेऊन ये. पोळी तव्यावर होती... गॅस बंद केला नि पळाले.

मॉडेल नुकतंच आलंय म्हणे, आमच्या एरियात पहिलंच. पोरगी वागळे इस्टेटला कामाला, रोज ठाण्याला जायला घेतली. खरं सांगू? मला बघताक्षणी आवडली नाही. पुढचा दिवा चपटा, डोळे वटारलेल्या नाकतोड्यासारखा. टाकी फुगलेली, शेपूट वर, आणि मागची सीट पोळपाटाएवढी.

मी विचारलं, यावर बाईमाणूस बसणार कुठे? "आई, ही स्पोर्टी आहे. भाजी आणायला नाही घेतली." मी म्हटलं, भाजी खातेस ना पण?

हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. तिने चालू केली तेव्हा मात्र मी कान टवकारले. आवाज जाड, पण थरथर नाही. मीटरच्या काट्याच्या जागी मोबाइलसारखा पडदा, गिअर कितवा पडलाय तेसुद्धा सांगतो. मग सहज वाकून उजव्या बाजूला बघितलं... किकच नाही. फक्त बटन.

आणि मला मोहने आठवलं.

मोहन्याला चाळीत राहायचो तेव्हा आमच्या ह्यांच्याकडे जुनी गाडी होती, किकवाली. पल्लवी पुढे टाकीवर, पिशवी हँडलला, मी मागे एका बाजूला बसलेली. आंबिवलीला बहिणीकडे जायचो, कल्याणला बाजाराला जायचो. पाठ दुखायची, मी सगळ्या रस्त्याने कटकट करायची. हे पुढून नुसतं हं हं करायचे. आता वाटतं, काय मस्त दिवस होते...

मग ह्यांचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाला, आता चालवा गाडी. चाळीत जागा नव्हती, म्हणून ती नाक्यावरच उभी असायची, चहाच्या टपरीशेजारी. ह्यांचे कंपनीतले मित्र तिथे उभे. हे किक मारतायत, मारतायत, गाडी काय चालू होईना.

आम्हाला लग्नाला उशीर होत होता आणि माझा स्वभाव तुम्हाला माहितीये. "व्हा बाजूला" म्हटलं, पदर खोचला आणि एका किकमध्ये चालू केली. मित्र खदाखदा हसले. एक जण बोलला, "काय रे, आता वहिनी पुढे आणि तू मागे काय?" मीपण हसले. हे नाही हसले.

आठ दिवसांत गाडी विकून मोकळे झाले. मला विचारलंसुद्धा नाही. त्यानंतर हा माणूस रिक्षाने गेला, बसने गेला, चालत गेला... पण कुणाच्या गाडीला हात लावला नाही. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा हे उठून बाहेर गेले. माफी मागायला पाहिजे, एवढी अक्कल मला होती. पण तोंडातून शब्द निघत नव्हता.

रविवारीसुद्धा हे वर खिडकीतच उभे. पल्लवीने हाक मारली, "पप्पा, या ना! पहिली राइड तुमची." मला वाटलं, आत जातील. पण चपला घालून खाली आले.

गाडीला एक चक्कर मारली, टायरवर अंगठा दाबून बघितला. मग बसले, चावी फिरवली आणि सवयीने उजवा पाय मागे नेला. पाय किक शोधत होता... हवेतच. एकदा फिरला, परत फिरला. गॅलरीत शेजारच्या दोघी उभ्या, बघतायत.

पल्लवी म्हणणार, "पप्पा, बटन दा..." तेवढ्यात मी तिच्या दंडाला जोरात चिमटा काढला. आणि मीही गप्प राहिले. आयुष्यात एवढी गप्प कधी राहिले नव्हते, घाम फुटला मला.

ह्यांनी पाय खाली टेकवला. हँडल नीट बघितलं. अंगठ्याने बटन दाबलं. चालू!

माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसतेस काय?"

त्या सीटवर एका बाजूला बसायची सोयच नाही. साडी पोटरीपर्यंत वर घेतली आणि दोन्हीकडे पाय टाकून बसले. गॅलरीतल्या दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसू दे म्हटलं... आज माझी पाळी.

खाडीपर्यंत गेलो. एवढी जोरात पळणारी गाडी, आणि हे अशी चालवतायत की सायकलवाला पुढे गेला. मी घाई करा म्हटलं नाही. खड्डा आला की धक्का कमरेपर्यंत पोचतो, मागे धरायला काही नाही. मग ह्यांचाच खांदा धरला.

खाडीवर गाडी थांबवली, पल्लवीने दिलेलं हेल्मेट काढलं आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "तेव्हा एका किकमध्ये कशी चालू केलीस गं तू?"

"पेट्रोलचा कॉक बंद होता. एवढे दिवस गाडी उभी होती ना, तुम्ही उघडायला विसरलेलात. मी उघडला नि मारली."

हे गर्रकन वळले. "म्हणजे दोष माझ्या पायाचा नव्हता?"

"पायाला काय धाड भरलेली!"

"अगं, मग तेव्हाच सांगायचं ना, बाई!" आणि जे हसायला लागले... डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी म्हटलं, चुकलं माझं. हसण्यात ऐकू गेलं नसेल म्हणून परत म्हटलं, मोठ्याने. मासे पकडणारा एक माणूस वळून बघायला लागला.

दिवसभर माझं तोंड चालू असतं, पण हे दोन शब्द इतकी वर्षं अडकून होते. पोरीने गाडी स्वतःसाठी घेतली, पण पहिल्याच दिवशी आम्हा दोघांच्या उपयोगी पडली. पल्लवी, थँक्यू गं बाळा...