आजाराचं नाव घेऊन मागितलेला जोगवा

त्या नवरात्रात मी रेणुकामातेवर रुसले होते. माझ्या धाकट्या जावेला, शोभाला, छातीचा कॅन्सर निघाला. औषधांची सोय सरकारी योजनेतून झाली, पण डोणगावहून अकोल्याला दर खेपेची गाडी आणि तिथलं राहणं-खाणं आमच्या आवाक्याबाहेर गेलं. एक खेप तर हुकलीच. पुढची हुकली तर केलेल्या उपचारावर पाणी पडेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. देव्हाऱ्यासमोर बसून मी म्हटलं, "आई, तुला आणखी पाहायचं तरी काय आहे?" मग मीच पदर खोचला. मागायचंच आहे, तर तिच्याच नावानं मागू.

आमच्याकडे नवरात्रात मंगळवारी पाच घरी जोगवा मागतात. देवीच्या नावानं मागण्यात लाज नसते, म्हणून मी परडी घेतली. आजाराचं नाव मात्र कुठेच काढलं नाही. घरात कॅन्सर म्हटला की लोक पाणी प्यायला कचरतात, मुलींच्या सोयरिकी अडतात, ही धास्ती. वाटलं, बायका समजून घेतील. त्यांनी तरी काय समजावं? प्रत्येकीनं रीतीप्रमाणे हळदकुंकू लावलं, मूठभर पीठ वाढलं आणि माझ्या पाया पडली. घरी आले तेव्हा शोभा परडीकडे बघून हसायलाच लागली.

"ताई, याच्या भाकरी होतीन, गाडी कशी होईन?"

मलाही हसू आलं, आणि मग रडूच कोसळलं. तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. केस गेलेलं ते डोकं मी पहिल्यांदाच उजेडात पाहिलं.

"चाला, मी येते संग. बिमारी मले झाली, मंग तिचं नाव तुम्ही काऊन लपवता?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी परडीशिवाय निघालो. आता पाचच घरं असा नेम नव्हता. पहिलंच दार नव्यानं राहायला आलेल्या एका मुसलमान कुटुंबाचं होतं. ओळख ना पाळख. एक वयस्क बाई बाहेर आल्या; जुबेदाखाला हे त्यांचं नाव नंतर कळलं. "आई, तूच बोल," असं मनात म्हणून मी सांगून टाकलं, "हिला छातीचा कॅन्सर आहे. अकोल्याला न्यायला मदत पाहिजे."

खाला शोभाकडे बघतच राहिल्या. मग तिचा हात धरून त्यांनी तिला आत नेलं.

"मले बी झालता बेटा, याच जागी. इथं कोणालेच ठाव नाही. आज पैल्यांदा बोलून राह्यले."

त्यांनी पैसे दिलेच, वर चपला घालून आमच्यासोबत निघाल्या. पुढच्या प्रत्येक दारात आमच्याआधी त्याच बोलत, "मी वाचली न? मंग हे बी वाचते." संध्याकाळपर्यंत गाडीची सोय झाली. नंतर शोभाची एकही खेप हुकली नाही, आणि गावातल्या इतर पेशंटांसाठी आम्ही तिघी आजही दारोदार फिरतो. कुणी नाक मुरडतं, कुणी दार लावून घेतं. आम्ही पुढच्या दाराशी जातो.

हा चमत्कार होता असं मी म्हणत नाही. आईच्या नावानं मागतानाही मी अर्धं झाकूनच मागितलं होतं. सगळं उघडं केलं, तेव्हा पुढचं तिनं पाहिलं. तिचे आणि खालांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

परवा एक अनोळखी बाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. आजूबाजूला बघत हळूच म्हणाली, "मले कॅन्सर निघाला हो माय. कोणापाशी जाऊ?"

शोभा चुलीपासून उठून तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली.

"माह्यापाशी ये."