गोळी सोडा!

दवाखान्यात औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधाची बाटली कधीतरी रिकामी होते, किस्सा होत नाही! मुरुडला डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो तेव्हाचे हे, सगळे एकाच पेशंटचे.

धर्मा तांडेलाचा धाकटा भाऊ वादळात बुडाला. माणूस रडला नाही. जेवणं सोडलं, बोलणं सोडलं, होडीकडे पाठ करून बसू लागला. मनाच्या दुखण्यावर गोळी निघाली आहे, हे तेव्हा नवीनच होतं. डॉक्टरांनी ती मुंबईहून मागवली. लाँचने रेवसला, पुढे एस.टी.ने मुरुडला! बऱ्याच महिन्यांनी धर्मा ताळ्यावर आला, होडीही हाकू लागला. आता प्रश्न एकच: गोळी सुटल्यावर तो पुन्हा तसाच मुका होऊन बसला तर?

*

डॉक्टर पुण्याचे, भाषा शुद्ध. म्हणाले, "तांडेल, आता गोळी सोडा. पण हळूहळू."

पुढल्या खेपेला धर्मा पोट धरून हजर. "डाक्टर, पोट लई फुगतंय."

"आणि गोळी?"

"रोज घेतो की! तुमी सांगितलं तसा गोली-सोडा. स्टँडवरचा, गोटीवाला. हलूहलू पितो!"

*

डॉक्टर तापट. ओरडले, "अहो, सोडा म्हणजे बंद करायची!"

रागाच्या भरात 'हळूहळू' म्हणायचं राहिलं. धर्माने घरी जाऊन सगळ्या गोळ्या दर्यात भिरकावल्या. मग घाम, मळमळ, डोळ्याला डोळा नाही. बायको, हिराबाई, धावत आली. "बाहेरचं काय लागलंय का बगा वो!"

"बाहेरचं नाही, आतलं काढून घेतलंय एकदम," डॉक्टर म्हणाले आणि तीच गोळी पुन्हा सुरू केली.

धर्मा हटून बसला. "बंदराला लागलो का शीड उतरवतोच ना? मंग आता गोली कशाला?"

"शीड उतरवता, की दोर कापून पाडता?"

"दोर कापला तं डोसक्यात पडंल!"

"मग? पडलंच ना!"

त्या दिवसापासून धर्मा गोळीला 'शीड'ही म्हणू लागला.

*

मग खरी उतरवणी सुरू झाली. डॉक्टर थोडी मात्रा कमी करत, काही आठवडे थांबत, पुन्हा थोडी कमी. झोप, भूक, बोलणं यांवर नजर ठेवायचं काम हिराबाईकडे. तिने सगळा कोळीवाडाच कामाला लावला. जो तो धर्माला विचारी, "झोपलास का रं? जेवलास का?" धर्मा वैतागला. "शीड उतरलं, चौकशी वाडली!"

एकदा हिराबाई घाबरी होऊन आली. "डाक्टर, आज ह्यो हसला न्हाय."

"कशावर?"

"माज्या बोलन्यावर."

"आजारी पडायच्या आधी हसायचा?"

तिने खूप विचार केला. "न्हाय."

"मग घरी जा. तब्येत उत्तम आहे!"

*

शेवटची गोळी संपली. डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा तसं वाटलं तर लगेच यायचं. लाजायचं नाही."

त्यानंतर बरेच दिवस कोणी फिरकलं नाही. डॉक्टर वरवर निवांत होते, पण कोळीवाड्यातलं कोणी आलं की आधी धर्माचं विचारत. मलाही धास्ती होतीच.

आणि एका दुपारी धर्मा आला. दारातच बसला आणि हमसून हमसून रडू लागला. एवढा गडी, पण आवरेना. मागे हिराबाई, पदर तोंडाला लावून. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी गोळ्यांचं कपाट उघडलं.

"काय होतंय तांडेल?"

"आज भावाचं वर्षसराद. सकालपासून रडू थांबत न्हाय."

"जेवलात काही?"

"जेवलो ना! त्येच्या नावचा भात खाल्ला, वर पुन्ना मागून खाल्ला. आनी डाक्टर, आता परत भूक लागलीय. रडू पन येतंय, भूक पन लागतेय. ह्याच्यावर गोली हाय का?"

डॉक्टरांनी कपाट बंद केलं, चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले,

"स्टँडवर जा. चार बाटल्या सोडा आण. नुसता सोडा!"