सुलोची फुली

सप्टेंबर सरत आला, मेपलची पानं लाल झाली, की सुलो कर्वोनेनच्या अंगणात ट्रक येऊन लागायचे. ट्रकच्या मागे दोरांनी करकचून बांधलेला स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उपसून फेकणारं यंत्र, असायचा. कुणाचा नवा, कुणाचा जुना, कुणी दूरच्या शहरातली जाहिरात वाचून उचलून आणलेला. एकदा सरोवरावरून ढग यायला लागले की ते एप्रिलपर्यंत थांबत नाहीत, आणि दारापासून रस्त्यापर्यंतची वाट ज्याची त्यानेच मोकळी ठेवायची असते. म्हणून यंत्र पसंत करण्याआधी ते सुलोच्या डोळ्यांखालून घालायचं, ही गावाची रीतच झाली होती.

"हे कुठल्या कंपनीचं? नाव कधी ऐकलं नाही," लोक विचारायचे.

"मी नाव वाचत नाही," सुलो म्हणायचा. "नाव कुणीही चिकटवतं. पोट दाखव."

मग तो पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घालायचा, दांड्या धरून यंत्र उचलायचा आणि नाकावर उभं करायचा. पोटाच्या पत्र्याचे चार स्क्रू काढून आत हात घालायचा. वेल्डिंगच्या शिवणीवरून त्याचं बोट आंधळ्याच्या बोटासारखं सावकाश फिरायचं. शिवण सलग आहे की मध्येमध्ये नुसते टाके मारलेत. आस बेअरिंगवर फिरतो की प्लॅस्टिकच्या कड्यात. नखाने खरवडल्यावर रंग पापुद्र्यासारखा सुटतो की पावडर होऊन. यंत्र कुठे जन्मलं, ते बनवणाऱ्याला घरी जायची किती घाई होती, हे त्याला तेवढ्यात कळायचं. शेवटी खिशातला पिवळा मेणखडू काढून तो यंत्राच्या कुशीवर खूण करायचा. गोल म्हणजे घे. फुली म्हणजे सोड. त्यावर कुणी वाद घातल्याचं गावाला आठवत नव्हतं.

हे सगळं तो गावच्याच कारखान्यात शिकला होता. तिथे स्नोब्लोअर बनायचे, आणि चाकांना गती देणारी ओतीव लोखंडाची गिअरपेटी जुळवण्याचं काम सुलोने एकतीस वर्षं केलं. मग कारखाना बंद पडला. यंत्रं, साचे, साच्यांचे लाकडी नमुने, सगळं खोक्यांत भरून गेलं. कुठे गेलं, ते कुणी विचारलं नाही. सुलोकडे उरले ते हात.

आणि त्या हातांचंच काहीतरी बिनसलं होतं. एकतीस वर्षं दाबाच्या हवेवर चालणारा, हादरे देणारा पाना धरून धरून बोटांतलं रक्त जणू माघारी फिरलं होतं. थंडीत ती मेणबत्तीसारखी पांढरी पडायची. पुढे पुढे जुलैतही बधिर राहू लागली. सुलोने हे कुणाला सांगितलं नाही. लोक ट्रक घेऊन येत राहिले, तो बोटं फिरवत राहिला, आणि बोटांना जे लागत नव्हतं ते डोळ्यांनी आणि कानांनी भरून काढत राहिला.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात तोर्स्तीने त्याला सहकारी भांडारात बोलावलं. तोर्स्ती त्याचा धाकटा भाऊ.

भांडाराच्या मागच्या थंडगार शेडमध्ये एक लाल यंत्र उभं होतं. कुशीवर मोठं नाव होतं, 'नॉर्डहेल्म', आणि नावाशेजारी बर्फाच्छादित डोंगर.

"माझ्या जुन्याची साखळी आता भरवशाची नाही," तोर्स्ती म्हणाला. "हे परवडतंय. बघ जरा."

सुलोने हातमोजे काढले. बोटं आधीच पांढरी झाली होती. दांड्या धरल्या, पण त्या हातात असल्याचं हातांना कळेना. यंत्र अर्ध्यावर उचलून सुटलं असतं तर? तोर्स्ती शेजारी उभा होता, भांडारवाली बर्निस दारातून बघत होती. सुलोने दांड्या सोडल्या. बोटाच्या पेराने कुशीवर टकटक केली. पत्रा पातळ वाजला.

"हे नाव कुठल्यातरी ऑफिसात बसून शोधलंय," तो म्हणाला. "नुसतं टिनपाट आहे."

"पोट नाही बघणार?"

"डब्याचं पोट काय बघायचं?"

त्याने फुली मारली. तोर्स्ती क्षणभर भावाच्या हातांकडे बघत राहिला, मग हसून म्हणाला, "चल, कॉफी पाज."

जानेवारीत तीन दिवस वादळ चाललं. दुसऱ्या दिवशी तोर्स्तीच्या जुन्या यंत्राची साखळी तुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोला, इल्मीला, तो टपालपेटीपाशी सापडला. फावडं बर्फात सरळ उभं होतं आणि वाट जवळजवळ पूर्ण झाली होती.

यंदाच्या शरदात सुलोच्या अंगणात पहिला ट्रक आला तो इल्मीचा. मागे लाल यंत्र बांधलेलं होतं. कुशीवर पिवळी फुली होती.

"तेच आहे," इल्मी उतरत म्हणाली. "वर्षभर भांडारातच पडून होतं. बर्निस म्हणते, सुलोची फुली असलेलं यंत्र कोण घेणार? दाखवून आण म्हणाली."

"मग तू कशाला आणलंस?"

"मला एवढंच झेपतंय. नाहीतर घर विकून लेकीकडे जायचं. डेट्रॉइटला तिची एक खोली रिकामी आहे, खिडकीतून गाड्या लावायचा तळ दिसतो." तिने दोराची गाठ सोडली. "दोन हिवाळे निघतील का, तेवढंच सांग. नसतील तर मी उद्याच लेकीला फोन करते."

यंत्र फळीवरून खाली उतरलं. सुलो त्याच्याकडे बघत उभा राहिला. नाही म्हणणं सोपं होतं. फुली मारलेलीच होती. पोट उघडलं नाही, तर गेल्या वर्षीचं काहीच उघडं पडणार नव्हतं.

त्याने दांड्या धरल्या. यंत्र वीतभर उचललं आणि हात सुटले.

"सरक," इल्मी म्हणाली. "एक बाजू मी धरते."

"दम लागला जरा."

"दम नाही, सुलो. चार वर्षं तुझ्या हातून कप निसटताना बघतेय मी. तोर्स्तीलाही माहीत होतं."

दोघांनी मिळून यंत्र नाकावर उभं केलं. स्क्रू तिनेच काढले. पत्रा निघाला तशी आत एक काळी, जाड लोखंडी पेटी दिसली. तिचे गोल खांदे, कडेच्या दोन बरगड्या. सुलो गुडघ्यांवर बसला. त्याने आत हात घातला आणि पेटीच्या खालच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. बोट लाकडाचं होतं.

"तुझा हात दे," तो म्हणाला. "मोजा काढ. उजवा कोपरा, अगदी खाली. काय लागतंय?"

इल्मीने डोळे मिटले. "गुळगुळीत आहे. थांब, इथे खाच आहे. नखाएवढी."

"वाकडी?"

"वाकडी. चंद्रकोरीसारखी."

सुलो मागे टेकून बसला.

"तुमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी ह्या पेटीचा लाकडी नमुना माझ्या हातून पडला होता," तो म्हणाला. "कोपऱ्याला खाच गेली. साहेब म्हणाला, राहू दे, कोण बघतंय पोटात. त्या नमुन्यावरून निघालेल्या प्रत्येक पेटीला ती खाच आहे. खोक्यात भरून नेलं ते हे. कुठल्यातरी देशात कुणीतरी अजून त्याच नमुन्यावरून ओततंय."

"म्हणजे आपल्या कारखान्याचं?"

"वरचा पत्रा त्यांचा. पोट आपलं."

"टिकेल?"

"तू आणि मी जाऊ, तरी टिकेल."

इल्मीने हात बाहेर काढला आणि चिंधीला पुसला. सुलोला वाटलं, ती आता विचारेल. ती विचारत नव्हती, म्हणून त्यालाच सांगावं लागलं.

"त्या दिवशी मी हे उलटवलं नव्हतं, इल्मी. बोटं चालत नव्हती. बर्निससमोर सुटलं असतं. म्हणून नाव वाचलं आणि फुली मारली."

"तोर्स्ती घरी येऊन म्हणाला होता," ती म्हणाली. "'सुलोने पोट बघितलं नाही.' मी म्हटलं, मग घेऊन टाक. तर म्हणाला, त्याची फुली असताना मी घेतलं तर सगळं गाव विचारेल, असं का म्हणून."

ती एकेक स्क्रू बसवू लागली. चौथा घट्ट करायला वेळ लागला, पण तिने सुलोकडे मागितलं काही नाही. खिशातला खडू काढून सुलो फुलीजवळ वाकला, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे ते."

शनिवारी सुलोने नेहमीसारखी सौना, वाफेच्या अंघोळीची खोली, तापवली. वेलचीचा पाव कापून ठेवला. तोर्स्ती असताना तो आणि इल्मी दर शनिवारी यायची. तो गेल्यावर ती एकटी येत होती. त्या शनिवारी ती आली नाही. पुढच्याही नाही.

त्यानंतर ट्रक आले की सुलो दारातूनच सांगायचा, "आता बघत नाही मी." लोकांनी दोन-चारदा विचारलं, मग सोडून दिलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर पहिला मोठा बर्फ पडला. सकाळी रस्त्यापलीकडून, इल्मीच्या अंगणातून, यंत्राचा आवाज आला. खोल, एकसुरी. सुलो खिडकीशी गेला. करड्या उजेडात इल्मी वाट कापत येत होती, बर्फाचा फवारा तिच्या डोक्यावरून पलीकडे पडत होता. यंत्राच्या लाल कुशीवरची पिवळी फुली इथूनही स्पष्ट दिसत होती.

पट्टा किंचित सैल होता. आवाजावरून कळत होतं. अर्धा फेरा आवळला की झालं. त्याने खुंटीवरचा कोट काढला आणि तो हातात घेऊन तसाच उभा राहिला. इल्मी टपालपेटीपर्यंत आली. तिथे तिने यंत्र बंद केलं, पेटीच्या भोवतालचा बर्फ हातांनी सारला, आणि त्याच्या खिडकीकडे न बघता पुन्हा चालू केलं.